हेडऑनराव

हेडऑनरावांना तुम्ही ओळखता. तुमच्या इमारतीत ते तिसऱ्या मजल्यावर राहत असतील. आमच्या नागपुरात ते ऑफिसात माझ्या शेजारच्या टेबलावर बसतात. शुक्रवारी चारनंतर ते फायलीला हात लावत नाहीत, कारण रात्री अडीचला उठून ताडोबा गाठायचं असतं. सोमवारी लाल डोळ्यांनी येतात आणि जो पहिला दिसेल त्याच्यासमोर लॅपटॉप उघडतात. टेबलं शेजारी असल्यामुळे पहिला मीच दिसतो.

त्यांचं खरं नाव पगारपत्रकात आहे. पण वाघ कॅमेऱ्याच्या रोखाने, दोन्ही डोळे दाखवत, सरळ चालत आला की त्या फोटोला ही मंडळी ‘हेड-ऑन’ म्हणतात, आणि आमच्या या गृहस्थांच्या लेखी बाकीचे वाघ जन्मालाच आलेले नाहीत. मोहर्लीच्या रस्त्यावर मला दिसलेला पहिलावहिला वाघ मी त्यांना मोठ्या कौतुकाने दाखवला होता. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, फोटो जवळ धरला, लांब धरला आणि म्हणाले, “भाऊ, हा वाघ नाही. हा वाघाचा मागचा भाग आहे.”

तेव्हापासून मी नीट पाहतो आहे. या माणसाला जगात हेड-ऑन सोडून काही दिसतच नाही. सीताबर्डीच्या गर्दीत समोरून गाय आली की सगळे बाजूला होतात, हे थबकून हातांची चौकट करतात. साहेब केबिनमधून तरातरा आमच्याकडे यायला लागले की आम्ही कीबोर्डवर माना घालतो, हे पुटपुटतात, “हेड-ऑन, हेड-ऑन, मागे धूसर बोके पण मस्त आहे.” छातीचा एक्स-रे काढताना तंत्रज्ञाने “सरळ उभे राहा” म्हटलं, तर यांनी विचारलं, “हेड-ऑन ना?” भाच्याच्या लग्नात मामा म्हणून मुलाच्या मागे उभं राहायचं सोडून हे मांडवाच्या तोंडाशी पालथे पडलेले. का, तर नवरी ‘आय लेव्हल’ला हवी होती. नवरी हेड-ऑन आली, अगदी त्यांच्या बोटांवरून गेली. त्या लग्नाच्या अल्बमात नवऱ्या मुलाचा एकही फोटो नाही. तो पूर्ण वेळ आडवा उभा होता.

हेड-ऑनच्याही वर एक पायरी आहे. ती म्हणजे किल. वाघ चितळावर झेपावतोय, माती उडालीय, चितळाचा डोळा विस्फारलाय, आणि हे सगळं अर्थातच हेड-ऑन. हेडऑनराव घरी अंडंही आणू देत नाहीत. सावजी रस्स्याचा वास आला तरी रस्ता ओलांडतात. पण दर चतुर्थीला टेकडी गणपतीसमोर हात जोडून ते मागतात काय? तर एक चितळ मरू दे. तेही कुठेही, कधीही नाही. सकाळी साडेसातच्या कोवळ्या उन्हात, तोंड पूर्वेकडे करून, मधे बांबूची काडी न येता. इतक्या अटी घालून तर आम्ही मुलगीही दिली नाही.

त्यांची सहाशे एमएमची लेन्स तीन किलोची आहे आणि दहा लाखांच्या वरची. ती टेकायला बीनबॅग लागते, बीनबॅगेत तांदूळ लागतात. वहिनींच्या डब्यातला एचएमटी तांदूळ दर शनिवारी जंगलात जातो आणि रविवारी धुळीसकट परत येतो. हा वाण शोधून काढणारे दादाजी खोब्रागडे चंद्रपूर जिल्ह्यातल्याच नांदेड गावचे. म्हणजे तांदूळ माहेरी जाऊन येतो, एवढंच वहिनींनी स्वतःचं समाधान करून घेतलंय. वाघ कसा होता, असं त्या मात्र आता विचारत नाहीत. एकदा विचारलं होतं. उत्तर आलं, “दोन हजारांश सेकंद, एफ-चार.”

आता शिकारीचं गणित. जॉर्ज शेलर यांनी 1960 च्या दशकात कान्हात वाघ आणि हरणांचा अभ्यास केला. एका यशस्वी शिकारीमागे वाघाचे वीसेक प्रयत्न फुकट जातात, असा त्यांचा अंदाज होता. वाघ काही चित्त्यासारखा मैदानभर पळत नाही. सावजाच्या अगदी जवळ पोट घासत जायचं आणि थोडक्यात काम उरकायचं, ही त्याची रीत. तेवढ्यात झाडावरचा वानर खकरला, सांबराने पाय आपटला, की खेळ संपला. वाघ उठून चालू लागतो, उपाशी. वर्षाला चितळाएवढी पन्नासेक जनावरं मिळाली तर त्याचं पोट चालतं. हे सगळं हेडऑनरावांना तोंडपाठ आहे. ते यातून एवढंच काढतात की, “एकविसाव्या प्रयत्नाला आपण तिथं पाहिजे.” आदले वीस कधी झाले, हे मात्र वाघ कुणाला सांगत नाही.

मला स्वतःला एफ. डब्ल्यू. चॅम्पियन या वनाधिकाऱ्याची पद्धत आवडते. त्याने 1920 च्या दशकात जंगलाच्या वाटेवर बारीक तार ताणून ठेवली. रात्री वाघाचा पाय तारेला लागायचा, फ्लॅश उडायचा, वाघ आपला फोटो आपणच काढायचा. फोटोग्राफर जागेवर नाही. जिप्सी नाही. “अरे तो बघ” नाही. हे मी हेडऑनरावांना सांगितलं तर त्यांनी विचारलं, “पण त्यात हेड-ऑन किती?”

तर गेल्या उन्हाळ्यात त्यांच्या आग्रहाखातर मी जिप्सीत बसलो. एका पाणवठ्यापाशी पहिली गाडी आमचीच. गवतात वाघीण दबलेली, इतकी सपाट की मला गाईडने दाखवूनही आधी फक्त कान दिसले. पलीकडून चितळांचा कळप पाण्याकडे उतरत होता. ऊन हवं तसं. तोंड हवं तिकडे. टेकडी गणपतीने सगळ्या अटी मान्य केल्या होत्या. हेडऑनरावांचा श्वास ऐकू येत नव्हता.

गाईड हळूच म्हणाला, “साहेब, तिची वाट अडली जी.”

खरंच, ती आणि कळप यांच्या बरोबर मधे आमचं बोनेट होतं. हेडऑनरावांनी कॅमेऱ्यावरून डोळा काढला. वाघिणीकडे पाहिलं, चितळांकडे पाहिलं, आणि ड्रायव्हरच्या खांद्याला हात लावून म्हणाले, “मागं घे. हळू घे.” मला वाटलं, यांना ऊन लागलं.

आम्ही मागे आलो. मोकळी झालेली जागा अर्ध्या मिनिटात दुसऱ्या जिप्सीने घेतली, मग तिसरीने, मग मोजायचं मी सोडलं. माणसं सीटवर उभी राहिली. एक बाई मुलाला वर उचलून “टायगर बघ, टायगर बघ” करत होत्या, आणि एक गृहस्थ चिवडा खात होते. वानर खकरलं. चितळं उधळली. वाघीण उठली आणि कुणाकडेही न पाहता बांबूत शिरली.

आणि मग हेडऑनरावांनी कॅमेरा उचलला. सहाशे एमएम, सेकंदाला वीस फ्रेम. त्यांनी एकेक गाडी, एकेक चेहरा टिपला. उघडी तोंडं, वर केलेले हात, चिवड्याची मूठ. सगळे हेड-ऑन. पुढे कॉलनीच्या गणेशोत्सवात त्यांनी ‘ताडोबातले शिकारी’ म्हणून हेच फोटो पडद्यावर दाखवले. लोक शेवटपर्यंत वाघाची वाट पाहत बसले.

ते फोटो तक्रारीसोबत वनखात्याला द्या, असं मीच सुचवलं होतं. त्यांनी नकार दिला, कारण त्यांना एक प्रकरण आठवत होतं. 2024 च्या सरत्या दिवशी उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात एका वाघिणीला आणि तिच्या बछड्यांना जिप्सींनी असंच घेरलं होतं. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्याची स्वतःहून दखल घेतली. ड्रायव्हर आणि गाईड निलंबित झाले. “म्हणजे ज्याच्या घरची बाई मोहफुलं वेचायला त्याच वाघाच्या जंगलात जाते, त्याची रोजी गेली,” हेडऑनराव म्हणाले, “आणि सीटवर उभा राहून ओरडणारा सोमवारी आपल्या ऑफिसात.” या वाक्यात त्यांनी एकदाही हेड-ऑन म्हटलं नाही. मी मुद्दाम लक्ष ठेवून होतो.

माणूस असह्य आहे, यात माझं मत बदललेलं नाही. सोमवारचा लॅपटॉपही चालू आहे. पण जंगलात कुणाच्या गाडीत बसायचं, असं मला विचाराल तर त्यांच्याच.

तुम्ही या हंगामात जाणार असाल तर एवढंच करा. वाघीण दबून बसलेली दिसली की ड्रायव्हरला “जरा पुढं घे” म्हणू नका. बक्षिसीच्या आशेने तो घेईल, आणि शिक्षा त्याला होईल. वाघाचा फोटो हवाच असेल तर हेडऑनरावांकडे मागा. फुकट देतात, शटर स्पीड मात्र ऐकून घ्यावा लागेल.