गाईला आधार, डॉक्टर निराधार

गाईच्या कानात आता 12 आकडी क्रमांकाचा पिवळा बिल्ला लटकतो. मालकाच्या आधारकार्डावरही बाराच आकडे. या एका बाबतीत तरी घर आणि गोठा समान झाले. तिचं वय, वेत, लसी, सगळं पोर्टलवर चढलेलं. फक्त ती रात्री दोनला अडली, की पोर्टलला हात घालता येत नाही.

त्याचीही तजवीज आहे. 1962 फिरवा, फिरता दवाखाना निघेल. केंद्राच्या योजनेत साधारण 1 लाख पशुधनामागे एक गाडी आणि गाडीत एक डॉक्टर! राष्ट्रीय कृषी आयोगाने 1976 मध्येच 5,000 जनावरांमागे एक पशुवैद्य सुचवला होता.

जुगाडात मात्र आपण मागे नाही. 2022 मध्ये लम्पी पसरला, तेव्हा गाईंना शेळ्यांच्या देवीची लस टोचून वेळ निभावली.

आता लिंगवर्गीकृत रेतमात्रा आल्या आहेत. सुमारे 90 टक्के कालवडीच होतील, असं सांगतात. पोटात कोण वाढणार हे ठरलं. बाळंतपणाला कोण येणार, ते अजून ठरायचं आहे.

पशुवैद्यक पदवीला इंटर्नशिपसह साडेपाच वर्षं लागतात. गाय नऊ महिन्यांतच विते.