इंटर्न समाधानी आहे, सही झाली आहे

साडेचार वर्षे पुस्तकात पाहिलेला रोगी प्रत्यक्ष हाताळता यावा, म्हणून एमबीबीएसला १२ महिन्यांची इंटर्नशिप सक्तीची आहे. २०२१ च्या नियमावलीत तिचे आठवडेसुद्धा वाटून दिलेत: कम्युनिटी मेडिसिन १२, मेडिसिन ६, सर्जरी ६. काय नुसते बघायचे, कशाला मदत करायची आणि काय स्वतः करायचे, हेही लिहिले आहे. फक्त वॉर्डापर्यंत ती नियमावली पोचलेली नाही.

म्हणून वॉर्डाने स्वतःचा अभ्यासक्रम केला. सकाळी रक्ताच्या बाटल्या लॅबमध्ये पोचवणे, हे पॅथॉलॉजी. रिपोर्टसाठी तीन मजले चढणे, ही फिजिओलॉजीची उजळणी. वॉर्डबॉय मामा जेवायला गेले की ट्रॉली ढकलणे, हे ऑर्थोपेडिक्स. महात्मा फुले जनआरोग्य योजनेचे कागद जुळवणे, हे कम्युनिटी मेडिसिन. आणि रक्तपेढीच्या खिडकीशी ताटकळताना डोके शांत ठेवणे, हे मानसोपचार.

या प्रशिक्षणाने विद्यार्थी समाधानी आहेत का, हे पाहायला एक फॉर्म निघतो. पोस्टिंगच्या शेवटच्या दिवशी लॉगबुकवर ज्यांची सही हवी, त्यांच्याच टेबलावर तो भरून द्यायचा. सगळे समाधानी निघतात. न निघून सांगतात कोणाला?

खरे तर इंटर्न खोटेही बोलत नाही. त्याला नीट-पीजी या पदव्युत्तर प्रवेश परीक्षेत २०० प्रश्न सोडवायचे असतात. त्यात टाका घालून दाखवा असे कोणी म्हणत नाही. ‘उद्या येऊ नकोस, अभ्यास कर’ म्हणणारा रेसिडेंट हाच त्याचा आदर्श गुरू. रेसिडेंट खूश, शिकवणे वाचले. विभागप्रमुख खूश, हजेरी भरली. शासन तर फारच खूश: २०२४ मध्ये विद्यावेतन वाढवून महिन्याला १८,००० केले, तरी त्या पैशांत कारकून, निरोप्या, हमाल आणि अधूनमधून डॉक्टर, एवढे सगळे मिळतात.

पुढे हाच डॉक्टर सरकारी सेवेच्या बाँडवर प्राथमिक आरोग्य केंद्रात जातो. रात्री दोन वाजता अडलेली बाळंतीण येते, तेव्हा अ, ब, क, ड असे पर्याय समोर नसतात. समाधानाचा फॉर्म तिला मात्र कोणी देत नाही.

तेव्हा महाविद्यालयांनी समाधान विचारणे सोडावे. बाळंतपणे किती केलीस, जखमा किती शिवल्यास, शेजारी उभे राहून तुझी चूक कोणी दाखवली का, एवढेच विचारावे. आणि उत्तरे लिहून होईपर्यंत सही करणाऱ्या सरांना खोलीबाहेर बसवावे.