लाखाचं रीळ आणि पानशेतचं पाणी

आधी एक भौगोलिक खुलासा. वेल्ह्यात समुद्र नाही. तालुक्याचं नाव आता राजगड झालं, तरी समुद्र आलेला नाही. तोरणा आहे, राजगड आहे, पानशेत-वरसगावची धरणं आहेत, धानेपला गुंजवणीचं धरण आहे, शेजारी भोरात भाटघर आहे. पाणी उदंड, पण सगळं गोडं. तरीही खाऱ्या पाण्याचं लाखाच्या घरातलं स्पिनिंग रीळ घ्यावं की नाही, हा प्रश्न मला पानशेतच्या काठावर इतक्या वेळा विचारला गेलाय की एकदाच लिहून टाकतो. नवशिक्यांनी कापून खिशात ठेवावं.

पहिली पायरी, शब्द. घरात ‘रीळ घ्यायचंय’ म्हणालात तर आई विचारेल, ‘पांढरं की काळं?’ तिचं चुकत नाही. इंग्लंडमधल्या इलिंगवर्थ नावाच्या गिरणीवाल्यानं 1905 साली अशा रिळाचं पेटंट घेतलं, आणि त्याला ते कापडगिरणीतल्या बॉबिनवरून सुचलं असं सांगतात. बॉबिन जागची हलत नाही, दोरा टोकावरून सुटत जातो. स्पिनिंग रिळाचं सगळं तत्त्व एवढंच आहे. गळ फेकताना दोरी गुंडाळलेलं स्पूल फिरत नाही, म्हणून हलकं आमिषही लांब जातं. हे पाठ करा. दुकानदारापुढे तेवढाच मान राहतो.

दुसरी पायरी, दुकान. तुमच्या हातात शिमानोचं स्टेला किंवा दायवाचं साल्टिगा दिलं जाईल. हँडलला टिचकी मारा. ते आवाज न करता फिरत राहील, आणि तुम्हाला गाडीचे हप्ते अजून चालू आहेत याचा विसर पडेल. माणूस इथेच जातो. मन ताळ्यावर आणायचं असेल तर मुलाच्या गिअरच्या सायकलकडे बघा, तिच्यावरही बहुधा शिमानोच लिहिलेलं असेल. 1921 साली जपानमधल्या साकाई गावात ही कंपनी सुरू झाली आणि सायकलची फ्रीव्हील करायला लागली. दातेरी चक्रं बनवणं हा त्यांचा खानदानी धंदा आहे, तेव्हा रिळाचं चक्र गुळगुळीत फिरतं यात नवल नाही. पण दुकानात रीळ कोरडं असतं, नवं असतं आणि त्याला मासा लागलेला नसतो. अशा अवस्थेत तीन हजारांचं रीळही गुणी वाटतं. लग्नाच्या फोटोत सगळेच बरे दिसतात, तसं.

तिसरी पायरी, मीठ. इथे जरा सावकाश वाचा.

पूर्वी इथल्या घाटांनी कोकणातलं मीठ बैलांच्या पाठीवरून देशावर यायचं. आता ते आमच्या रिळांच्या बेअरिंगमध्ये बसून येतं. माझं पहिलं रीळ अडीच हजारांचं होतं. कंपनीचं नाव सांगत नाही, तिची काही चूक नव्हती. भोरवरून वरंधा घाट उतरायचा, महाड, मग हरिहरेश्वर. अशा दोन खेपा नीट झाल्या. तिसऱ्या खेपेला खडकावर उभा असताना रीळ चिमणीसारखं चिवचिवायला लागलं. बेल म्हणजे रिळावरची उघडझाप होणारी तार. तिच्या टोकाला एक छोटी चकती असते, लाइन रोलर. सगळी दोरी हिच्यावरून काटकोनात वळून स्पूलवर जाते. हिच्या पोटातलं बेअरिंग हरभऱ्याच्या दाण्याएवढं. घरी येऊन उघडलं तर आत पांढरी पूड आणि तांबूस चिखल. रोलर फिरायचा थांबला होता आणि विणलेल्या दोरीनं त्याच एका जागी घासून धातूत चर पाडला होता. दोरी उसवायला लागली होती ती त्यामुळेच, आणि मी आठवडाभर दोरीच्या कंपनीला शिव्या घालत होतो.

लाखातले बरेचसे पैसे या हरभऱ्याच्या रक्षणासाठी असतात. महागड्या रिळात पाणी शिरायच्या प्रत्येक फटीला बंदोबस्त असतो. कुठे रबरी सील, तर दायवाच्या काही रिळांत चक्क चुंबकानं जागेवर धरून ठेवलेलं तेल. ते तेलवालं बेअरिंग घरच्या ओट्यावर खोलायचं नसतं, सर्व्हिसला पाठवायचं असतं, हे दुकानात आपणहून विचारा. बाकीचे पैसे जातात न वाकणाऱ्या धातूच्या अंगात, घडवलेल्या चक्रांत आणि ड्रॅगमध्ये.

ड्रॅग म्हणजे रिळाचा ब्रेक. मासा ओढायला लागला की किती जोरानंतर दोरी सोडायची, हे तो ठरवतो. स्टेलाच्या मोठ्या समुद्री रिळाचा ड्रॅग 25 किलोपर्यंत जातो. 25 किलो म्हणजे इंद्रायणी तांदळाचं एक पोतं. आता एक प्रयोग करा. पोतं दोरीला बांधा, माडीवरून खाली सोडा आणि दुसरं टोक काठीला लावून उभे राहा. काठी आणि तुम्ही, दोघांपैकी आधी कोण खाली जातं ते बघा. पानशेतला आपल्याला लागतो रोहू, कटला, फार तर मरळ, आणि बहुतेक दिवशी चिलापी. चिलापीला 25 किलोचा ब्रेक म्हणजे हातगाडीला रेल्वेची साखळी.

‘पण महाशीर?’ असं विचारणारा एकजण असतोच. आपल्याकडच्या महाशीराचं शास्त्रीय वर्णन सायक्स या इंग्रज अधिकाऱ्यानं 1839 मध्ये केलं, तेही पुण्याच्या मुळा-मुठेतला मासा बघून. लोणावळ्याजवळ वळवणला टाटा पॉवर त्याची पिल्लं वाढवून पाण्यात सोडत आली आहे. तुम्हाला तो लागला तर नमस्कार करा आणि सोडून द्या. त्यालाही पाच-सहा किलोचा ड्रॅग पुरतो.

मग लाखाचं रीळ कुणी घ्यावं? अंदमानला जाणाऱ्यानं. तिथला जायंट ट्रेव्हली मासा गळ लागताच तळच्या प्रवाळाकडे धाव घेतो. पहिल्या काही सेकंदांत थांबवला नाही तर दोरी कापली गेलीच. विमान, होडी, राहणं यावर आधीच मोठी रक्कम गेलेली असताना अडीच हजारांच्या चक्रांवर भरवसा ठेवणं हा कंजूषपणा नाही, मूर्खपणा आहे. दुसरं गिऱ्हाईक म्हणजे समुद्राकाठी राहणारा आणि रोज गरवायला जाणारा. त्याचं रीळ रोज मीठ खातं. बाकी वर्षातून सात-आठ वेळा घाट उतरणारे आपण, आपल्याला जिताडा आणि तांब पुरे. त्यासाठी आठ ते पंधरा हजारांत दायवाचं बीजी किंवा पेनचं स्पिनफिशर बघावं. दहा हजारांपर्यंत टाकलेल्या प्रत्येक हजाराचा फरक हाताला कळतो. त्यापुढे तो फक्त मनाला कळत जातो.

या टप्प्यावर कुणीतरी बांबूच्या काठीवाल्या म्हाताऱ्याची गोष्ट सांगेल, जो तुमच्या शेजारी बसून गांडुळावर टोपलीभर मासे काढतो. गोष्ट खरी असते, तात्पर्य खोटं. तो बांबूमुळे मासे काढत नाही. तो आठवड्यातले सहा दिवस तिथे असतो आणि तुम्ही रविवारी अकरा वाजता मिसळ खाऊन पोचता. त्याला साल्टिगा दिलंत तरी तो तेवढेच मासे काढेल, फक्त साल्टिगा संध्याकाळपर्यंत विकलेलं असेल.

आता उरलेलं भराभर. धरणातल्या मासेमारीचा ठेका अनेकदा मच्छीमार सहकारी संस्थेकडे असतो, म्हणून गळ टाकण्याआधी विचारा. समुद्रावरून आलात की ड्रॅग घट्ट करा, रिळावर गोड्या पाण्याचा हलका शिडकावा द्या, गाडी धुवायचा पाइप मुळीच लावू नका. जोरानं मारलेलं पाणी मिठाला आत नेऊन बसवतं. पुसून, वाळवून, ड्रॅग सैल करून ठेवा. लाइन रोलरला तेलाचा एक थेंब. हे इमानानं केलंत तर दहा हजारांचं रीळ बरीच वर्षं टिकतं. नाही केलंत तर लाखाचंही चिवचिवेल, फक्त जरा उशिरा.

घरी किंमत किती सांगायची, हा ज्याचा त्याचा प्रश्न. मी एक शून्य कमी सांगतो. डबीवरचं लेबल मात्र आधी काढा.

आणि एवढं वाचूनही लाखाचं घेतलंतच, आणि पुढच्या पावसाळ्यात वरंधा घाट बंद असताना विकायला काढलंत, तर आधी मला कळवा. निम्मी किंमत देईन. रोख.