ग्राउस, गारठा आणि गाडीच्या काचा

उत्तर इंग्लंडच्या मधोमध दक्षिणोत्तर पसरलेल्या पेनाइन डोंगररांगेचा उत्तरेकडील भाग 'नॉर्थ पेनाइन्स' या नावाने ओळखला जातो; १९८८ साली संरक्षित निसर्गसौंदर्याचा प्रदेश म्हणून घोषित झालेल्या या सुमारे दोन हजार चौरस किलोमीटरच्या मुलखात माणसांपेक्षा मेंढ्या अधिक आणि मेंढ्यांपेक्षा ढग अधिक, असे स्थूल प्रमाण मानण्यास हरकत नाही. येथील माथ्यावरच्या भूभागास 'मूर' म्हणतात. मूर म्हणजे झाडे नसलेले, बारमाही ओले राहणारे उंचावरचे रान. तेथे शेवाळ आणि गवत पुरते न कुजता शतकानुशतके साचून 'पीट' नावाचा काळा, पाय आत ओढून घेणारा थर तयार झालेला असतो आणि त्यावर हेदर हे काटक झुडूप गुडघाभर उंचीने पसरलेले असते. हेदर ऑगस्टमध्ये जांभळ्या फुलांनी बहरते आणि माहितीपत्रकांतील छायाचित्रे नेमकी त्याच महिन्यात काढलेली असतात. पक्षीनिरीक्षक मात्र एप्रिलच्या अखेरीस किंवा मेच्या आरंभी येतो, आणि त्या वेळी तेच हेदर तपकिरी, काळपट व कमालीचे निरुत्साही दिसते.

या ऋतूस वसंत म्हणतात, आणि पंचांगाच्या दृष्टीने त्यात काही चूक नाही. तथापि, पेनाइन रांगेतील सर्वांत उंच शिखर जे क्रॉस फेल (८९३ मीटर), त्याच्या उतारावरून ईशान्येकडून सुटणारा 'हेल्म' हा वारा याच सुमारास जोरात असतो, आणि स्वतःचे नाव मिळवण्याइतकी ख्याती असलेला हा ब्रिटनमधील एकमेव वारा मानला जातो, एवढ्यावरून वसंताचे स्वरूप ध्यानात यावे. निरीक्षक एकावर एक चार थरांचे कपडे घालतो व सर्वांवरून दुर्बिणीचा पट्टा अडकवतो. त्यामुळे आतला कोणताही थर काढायचा झाल्यास आधी दुर्बीण, मग झोळी, मग टोपी अशी उतरंड सुरू होते, आणि पक्षी सामान्यतः दुसऱ्या बाहीच्या वेळी येऊन जातो. दुर्बिणीवर '८×४२' असे आकडे कोरलेले असतात; त्यांपैकी पहिला आकडा वस्तू किती पट जवळ दिसते ते सांगतो आणि दुसरा पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये देतो. मानेवर पडणारा भार दर्शवणारा तिसरा आकडा कोरण्याची पद्धत नाही.

या यात्रेचे मुख्य दैवत काळा ग्राउस होय. ग्राउस हे मोर, तित्तिर व कोंबडी यांच्या कुळातील थंड प्रदेशाचे पक्षी असून, त्यांपैकी काळ्या ग्राउसांची इंग्लंडमधील जवळजवळ सर्व संख्या आता याच डोंगराळ मुलखात उरलेली आहे. टीस नदीच्या वरच्या खोऱ्यात, मिडलटन-इन-टीसडेल या गावापासून ऑल्स्टनकडे जाणाऱ्या बी-६२७७ या रस्त्यावर, लँग्डन बेक वस्तीच्या आसपास त्यांची हक्काची मैदाने आहेत. वसंतात पहाटे नर ठरलेल्या मैदानावर जमतात, बाहेरच्या बाजूस वळलेली शेपटी उभारून तिच्याखालील पांढरी पिसे फुलवतात, डोळ्यांवरच्या लालभडक मांसल भुवया फुगवतात आणि मान खाली घालून अखंड घुमू लागतात. मधूनच एखादा नर फिस्कारून उडी मारतो, शेजारी त्याला प्रत्युत्तर देतो, आणि मारामारीचा आव बराच आणून प्रत्यक्ष इजा फारशी न करता दोघेही पूर्वस्थानी परततात. मोसमातील बहुतेक दिवस हा सोहळा केवळ नरांपुरताच चालतो. एप्रिलअखेरच्या काही मोजक्या सकाळी तपकिरी माद्या येतात, काठाकाठाने फिरत गवताकडे पाहण्याचे निमित्त करतात, आणि मैदानाच्या मध्यावरील एकदोन नरांची निवड करून निघून जातात. उरलेल्या उमेदवारांची स्थिती वधू-वर मेळाव्यात चहा-फराळापुरते उपस्थित राहिलेल्यांची असते, फरक इतकाच की ते दुसऱ्या दिवशी पहाटे साडेचारला पुन्हा हजर होतात. अंडी उबवणे व पिल्ले वाढवणे या बाबतीत निवड झालेला आणि न झालेला यांच्यात भेद उरत नाही, कारण त्यात कोणत्याच नराचा हात नसतो.

हा मेळावा पाहण्याची शिष्टसंमत रीत अशी की, उजाडण्यापूर्वी येऊन गाडी रस्त्याच्या कडेला लावावी, इंजिन बंद करावे, आणि पक्षी पांगेपर्यंत गाडीतून मुळीच उतरू नये. गाडीला ते बुजत नाहीत, चालत येणाऱ्या माणसाला मात्र लगेच बुजतात. आता ज्या देशात चालणे हा व्यायामापेक्षा सदाचाराचा भाग समजला जातो आणि ज्या देशातील कामगारांनी एप्रिल १९३२ मध्ये किंडर स्काउट या मूरवर सामुदायिक घुसखोरी करून, प्रसंगी तुरुंगवास पत्करून, मोकळ्या रानात चालण्याच्या हक्काची मागणी केली, त्या देशातील सुजाण नागरिकांनी तो हक्क २००० सालच्या कायद्याने हाती आल्यावर भर मूरवर दारे लावून बसून राहावे, यातील विसंगती कोणाच्या लक्षात येत नाही असे नव्हे. परंतु पहाटे पाचला ती बोलून दाखवण्याइतकी ऊब कोणाच्याही अंगात नसते. शिवाय चार माणसे व एक थर्मास बंद गाडीत असल्यावर काचांवर दव धरते. काच पुसली की हालचाल होते, हालचाल झाली की पुढच्या आसनावरील ज्येष्ठ सदस्य हलक्या आवाजात निषेध नोंदवतात, आणि काच खाली करावी तर हेल्म वाऱ्याचे कुलबंधू आत येतात. तरीही पाहता येते ते अद्भुत असते, हे मान्य केलेच पाहिजे: करड्या उजेडात पांढऱ्या पिसाऱ्यांचे ठिपके वरखाली होताना दिसतात आणि घुमण्याचा नाद बंद काचेतूनही पोचतो. गाडीतून न उतरता साऱ्या यात्रेतील सर्वोत्तम दर्शन सकाळी सहालाच पदरात पडलेले असते, आणि नेमकी हीच गोष्ट पुढील दिवसाच्या आड येते. कारण या प्रदेशात कष्ट आणि दर्शन यांचे प्रमाण व्यस्त असते, हा सिद्धांत मान्य करण्यास एकाही निरीक्षकाची सदसद्विवेकबुद्धी तयार होत नाही.

म्हणून न्याहारीनंतर मंडळी मूर चढू लागतात. दोन तासांच्या चढणीत जो पक्षी दिसतो तो तीरचिमणीच्या कुळातील 'मेडो पिपिट' असतो. हा तपकिरी, रेघाळ, चिमणीएवढा पक्षी हेदरमधून उडतो, 'सिप् सिप्' असा बारीक आवाज काढतो, थोड्या अंतरावर बसतो आणि दिसेनासा होतो. प्रत्येक वेळी सर्व दुर्बिणी वर जातात, आणि प्रत्येक वेळी गटप्रमुख, पूर्वीच्या खेपेपेक्षा किंचित कमी उत्साहाने, तेच नाव उच्चारतात. वास्तविक या उपेक्षित जिवावाचून मूरचा संसार चालणे कठीण आहे. युरोपातील सर्वांत लहान ससाणा जो मर्लिन, त्याचे हे मुख्य अन्न होय, आणि मूरवरची कोकिळा आपली अंडी बहुतांशी याच्याच घरट्यात घालते. कोकिळा अंडे जमिनीवर घालून चोचीने घरट्यात नेते अशी जी समजूत प्रचलित होती, ती एडगर चान्स या हौशी अभ्यासकाने पहिल्या महायुद्धानंतरच्या काही वर्षांत मेडो पिपिटच्याच घरट्यांवर पाळत ठेवून आणि चित्रपट काढून खोडून काढली. मर्लिन पाहण्यासाठी आसुसलेले आणि कोकिळेच्या पहिल्या हाकेने हरखणारे निरीक्षक पिपिटकडे मात्र दुर्बिणीतून पाहताना मनातल्या मनात सुस्कारा टाकतात.

पिपिट नसेल तेव्हा लाल ग्राउस असतो. स्वतंत्र जाती की उपजाती, याबाबत ज्याच्यासंबंधी वर्गीकरणकारांची मते वेळोवेळी बदलत आली आहेत असा हा पक्षी पायाखालून भर्रकन उठतो आणि 'गो-बॅक, गो-बॅक' असे स्पष्ट इंग्रजीत ओरडत जातो. पावसात तीन किलोमीटर चालून आलेल्या मनुष्यास हा सल्ला अगोदरच सुचलेला असतो. येथे एका अवघड प्रश्नाला तोंड फुटते. लाल ग्राउस हेदरच्या कोवळ्या शेंड्यांवर जगतो. तो विपुल राहावा म्हणून मूरचे मालक हेदर पट्ट्यापट्ट्याने जाळून कोवळे ठेवतात, 'गेमकीपर' म्हणजे शिकारीचे पक्षी सांभाळणारे नोकर ठेवून कोल्हे व कावळे मारवतात, आणि १२ ऑगस्टला मोसम उघडला की तेच पक्षी बंदुकीने टिपवतात. भोवत्या या शिकारी पक्ष्याच्या बेकायदेशीर हत्येशी अशा मूरचे नाव वारंवार जोडले गेल्यामुळे पक्षीनिरीक्षकास तेथील व्यवस्थेचा संताप येतो, आणि तो येणे योग्यच आहे. परंतु नॉर्थंबरलंडमधील ऑटरबर्न येथे २००० ते २००८ या काळात झालेल्या प्रयोगात, कोल्ह्या-कावळ्यांचा बंदोबस्त केलेल्या जागी कर्ल्यू, टिटवी व सोनचिखल्या यांच्या विणीचे यश सुमारे तिपटीने वाढल्याचे आढळले. परिणामी गेमकीपरची जीपगाडी समोरून आली की मंडळींच्या चेहऱ्यावर एकाच वेळी निषेध व कृतज्ञता उमटते, आणि या मिश्रणाचे बाह्य स्वरूप हात वर करून 'हवा बरी आहे' असे म्हणणे हे असते.

मूर उतरून खाली आले की दगडी बांधांनी आखलेली कुरणे लागतात आणि रस्त्यालगतच्या पहिल्याच कुरणात, दोन तास वर शोधलेले सारे काही चरत असलेले दिसते. सुमारे पंधरा सेंटिमीटरपर्यंत लांब, खाली वळलेल्या चोचीचा कर्ल्यू हिवाळा समुद्रकाठी काढून विणीसाठी येथे येतो. जगात वीण करणाऱ्या कर्ल्यूंपैकी सुमारे पाव ब्रिटनमध्ये असूनही संख्या घसरत चालल्यामुळे २०१५ साली त्याचे नाव तेथील धोक्याच्या लाल यादीत गेले. टिटवीची शेंडीवाली युरोपीय चुलतबहीण हवेत कोलांट्या घेत असते. टिटवीचे ओरडणे अशुभ मानणाऱ्या महाराष्ट्रातून आलेल्या प्रवाशाने येथे एक तुलना अवश्य करावी: तिला अपशकुनी ठरवणाऱ्यांनी निदान तिच्या अंड्यांचा पदार्थ केला नाही, तर तिच्यावर लुब्ध असलेल्या इंग्रजांनी ती अंडी इतक्या आवडीने खाल्ली की १९२८ साली पार्लमेंटला खास टिटवीच्या रक्षणार्थ कायदा करावा लागला.

नदीकाठचा विभाग त्या मानाने सुखाचा आहे. सुमारे २९ कोटी वर्षांपूर्वी चुनखडी व वाळूखडकाच्या थरांत घुसून थिजलेल्या 'व्हिन सिल' या काळ्या खडकावरून टीस नदी हाय फोर्स येथे २१ मीटर खाली कोसळते. एका काठाने हे दृश्य तिकीट काढून पाहता येते व दुसऱ्या काठावरच्या पायवाटेने फुकट. पाण्याखाली चालत जाऊन अळ्या वेचणारा, सतत गुडघे लववणारा पांढऱ्या छातीचा डिपर धबधब्यापाशीच असेल अशा विश्वासाने मंडळी तिकीट काढतात, आणि तो गाडीतळाजवळच्या पुलाखाली असतो. करडा धोबी व तुतवार हे मात्र कुठेही भेटतात. सह्याद्रीच्या ओढ्यांवर हे दोघे हिवाळी पाहुणे म्हणून ठाऊक असल्याने मराठी निरीक्षक त्यांना चटकन ओळखतो आणि गटात त्याचा भाव दहा मिनिटे वधारतो.

काऊ ग्रीन जलाशयाजवळ दुसऱ्याच पंथाचे भाविक भेटतात. ब्रिटनमध्ये केवळ याच भागात रानात उगवणाऱ्या, गडद निळ्या 'स्प्रिंग जेन्शन' या फुलासाठी ते ओल्या गवतावर पालथे पडलेले असतात. १९६७ साली या धरणाला मंजुरी मिळाली तेव्हा वनस्पतिशास्त्रज्ञांनी त्यास केलेला विरोध त्यांच्या मनात अजून ताजा असतो. हे फूल ऊन नसताना मिटते, आणि त्यामुळे ते उमललेले पाहिलेल्यांची संख्या या पंथात अल्प आहे. वर पाहत चालणारे आणि खाली पाहत लोळणारे हे दोन्ही पंथ एकमेकांना अडखळल्यावर 'काही आहे का?' असे विचारतात. 'विशेष नाही' हे उत्तर मिळाल्यास ताबडतोब त्या दिशेने जावे, असा अनुभवसिद्ध नियम आहे.

सायंकाळी पबमध्ये यादी करण्यात येते. नुसता आवाज ऐकलेला पक्षी धरावा, हे बहुमताने संमत होते. त्यामुळे छातीवर पांढरी चंद्रकोर असलेला डोंगरी कस्तुर, जो दिवसभर पुढच्याच शिळेमागून गात राहिला, यादीत येतो. फेझंट हा शिकारीसाठी दरवर्षी प्रचंड संख्येने पाळून सोडला जाणारा पक्षी असल्याने तो 'वन्य' कसा, यावर सूप निवेपर्यंत चर्चा होते आणि त्याचे नाव पेन्सिलीने लिहिले जाते. मेडो पिपिटसमोर संख्येऐवजी 'पुष्कळ' असा शेरा पडतो. त्यानंतर गटप्रमुख सुचवतात की, ग्राउसच्या मैदानासमोरील उत्तम जागा आज अगोदरच आलेल्या दोन गाड्यांनी अडवली होती, तेव्हा उद्या साडेचारऐवजी साडेतीनला निघावे. आणि पहिला आक्षेप आपण घ्यावा हे इंग्रजी शिष्टाचारात बसत नसल्यामुळे ठराव एकमताने मंजूर होतो.