दात कोणाचे मोजायचे?

आमच्या सावरगावात 'शेवटची गाडी' म्हटलं की दोनच गोष्टी डोळ्यांपुढं येतात. एक म्हणजे नागपूरहून रात्री निघणारी बस. ती चुकली की माणूस स्टँडच्या बाकावर झोपतो. दुसरी कोणाचीच चुकत नाही. तिचा रंग आपल्याला विचारत नाहीत आणि तिच्यात बसायची सोय नसते, आडवंच व्हावं लागतं. त्यामुळं परवा पारावर मी सहज बोलून गेलो, "यंदा शेवटची गाडी घ्यायची म्हणतो," तर चौघं एकदम गप्प झाले. मग त्यातल्या एकानं दबक्या आवाजात विचारलं, "गुरुजी, डॉक्टर काय म्हनला?"

डॉक्टर काही म्हणाला नाही. वय ६७ झालं, एवढंच. दारातली गाडी २०१० सालची, तिची पंधरा वर्षांची नोंदणी संपली. म्हटलं, एकदाच काय ते नीट बघून घेऊ, पुन्हा ही कटकट नको. बायको म्हणाली, "हे तुमी मांगच्या खेपेलेबी म्हनलं होतं."

खरं आहे. आमच्या दारात आलेली प्रत्येक गाडी शेवटचीच होती. चेतक आली तेव्हा मास्तराला याहून जास्त काय लागतं, असं वाटलं होतं. मग सेकंडहँड एट हंड्रेड आली. तिला हार घालताना मी 'आता बस' म्हणालो होतो. मग वेतन आयोगाची थकबाकी आली आणि तिच्या मागोमाग ही आली. शेवटची गाडी शेवटच्या विडीसारखी असते. दर वेळी शेवटचीच.

मुळात शेवटची कोणती हे आपण ठरवतो, हाच भ्रम. १४ डिसेंबर १९८३ला इंदिरा गांधींनी पहिल्या मारुती आठशेची किल्ली मालकाच्या हातात ठेवली. ही गाडी कधी संपेल असं आम्हाला वाटलंच नव्हतं. जानेवारी २०१४मध्ये ती निघायची बंद झाली. त्याच वर्षीच्या मे महिन्यात बंगालात उत्तरपाड्याला अँबॅसडरचा कारखाना थांबला. मुंबईची काळी-पिवळी पद्मिनी तर थेट तारखेनं गेली. शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ची, टॅक्सीला मुदत वीस वर्षांची, म्हणून ३० ऑक्टोबर २०२३पासून खेळ खलास. इंजिनाची ना नव्हती, कॅलेंडरची होती.

माझ्या गाडीचंही तेच. पंधरा वर्षं झाली की नोंदणी पाच-पाच वर्षांनी नवी करायची आणि त्याची फी ५,००० रुपये. वीस वर्षं उलटली तर ऑगस्ट २०२५पासून १०,०००. म्हातारपण महाग असतं हे ठाऊक होतं, त्याचं दरपत्रक पहिल्यांदाच पाहिलं. त्यात पेट्रोलमध्ये आता वीस टक्के इथेनॉल. हे उद्दिष्ट २०३०चं होतं, सरकारनं पाच वर्षं आधीच गाठलं. आमच्या भागातला एखादा पूल पाच दिवस आधी झाल्याचं मला आठवत नाही. माझी गाडी या पेट्रोलच्या जमान्यातली नाही. सकाळी चार वेळा खोकून मग सुरू होते. पेट्रोलमुळं खोकते की वयामुळं, हे तिलाही सांगता येत नाही. या बाबतीत आमचं दोघांचं जमतं.

"मग गाडी पाहिजेच कशाला? कॅब बोलवायची," असं पुण्याहून मुलगा म्हणतो. सावरगावात कॅब! शेवटी त्याला सांगितलं की या गाडीचं मूळ १९५६मध्ये आहे. १ नोव्हेंबरला नागपूर मुंबई राज्यात गेलं आणि आम्ही मध्य प्रदेशात राहिलो. तोवर आमची राजधानी शंभरेक किलोमीटरवर होती, ती उठून भोपाळला गेली. कागद तिकडं गेले, माणसं इकडंच राहिली. सोयरीक काटोल-वरुडकडं, दवाखाना नागपूरला, लग्नाचा बस्ता नागपूरला, आणि गाडीच्या पाटीवर एमपी. ऑक्टोबर २०२३मध्ये पांढुर्णा जिल्हा झाला, कलेक्टर नदीपलीकडं येऊन बसला. छान झालं. पण मोतीबिंदू काढायला अजून नागपूरच. त्यातून मध्य प्रदेश सरकारनं २००५मध्ये आपलं परिवहन महामंडळच मोडीत काढायचं ठरवलं. महाराष्ट्रातला माणूस निदान एसटीला शिव्या तरी देऊ शकतो. आम्हाला शिव्या द्यायलाही सरकारी बस नाही. अशा ठिकाणी म्हाताऱ्याची गाडी म्हणजे चैन नसते, अँब्युलन्सच्या अलीकडचा थांबा असतो.

हे ऐकून मुलगा नरमला. आता रोज फोनवर एक गाडी पाठवतो. त्याची अट एकच, सनरूफ पाहिजे. नातीला छतातून डोकं बाहेर काढायचं आहे.

आता सावरगाव काय चीज आहे, ते सांगायला हवं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात पळसाचं झाड रोवतात, त्याला झेंडा बांधतात, आणि या काठावरून आम्ही, त्या काठावरून पांढुर्णेवाले, दिवसभर एकमेकांना दगड हाणतो. याला गोटमार म्हणतात. कथा अशी की पांढुर्ण्याचा पोरगा आणि सावरगावची पोरगी पळून चालले होते, ते ऐन नदीत सापडले आणि दोन्ही काठांवरून दगड सुटले. आता शेवटी झाड चंडीमातेच्या देवळात जातं आणि माणसं दवाखान्यात. दर वर्षी शेकडो. जमावबंदी लावून झाली, रबरी चेंडू देऊन झाले. चेंडूंनी कोणाचंच समाधान झालं नाही.

अशा गावात मुलगा मला सांगतो, बाबा, छताला काच घ्या.

विम्याचा कागद मी मास्तरकीच्या सवयीनं पूर्ण वाचतो. त्यात दंगल आहे, संप आहे, पूर आहे, भूकंप आहे, जाणूनबुजून केलेलं नुकसानही आहे. गोटमार यातल्या कशात बसते? दंगल म्हणावी तर पोलीस स्वतः बंदोबस्ताला उभे. दैवी आपत्ती म्हणावी तर खुद्द देवीच्याच नावानं चाललेली. जाणूनबुजून म्हणावं तर पलीकडून गोटा फेकणारा माझा सख्खा साळा. त्याचा नेम माझ्यावर होता, गाडीवर नव्हता. समोरची काच तडकली ती तडकलीच. विमा एजंट म्हणाला, "गुरुजी, त्या दिवशी गाडी सासुरवाडीले नेऊन ठेवत जा." माझी सासुरवाडी पांढुर्ण्याची. गोट्यांपासून वाचवायला गाडी गोटे मारणाऱ्यांच्या अंगणात ठेवायची, हा सल्ला विमा कंपनीच्या माणसालाच सुचू शकतो.

या सगळ्यात मला आमचे आबाजी आठवले. त्यांनीही एकदा शेवटची गाडी घेतली होती, म्हणजे गाडीला जुंपायची शेवटची जोडी. मी आठ-नऊ वर्षांचा असेन, त्यांच्यासोबत बैलबाजारात गेलो होतो. दलालानं खांद्यावरचा दुपट्टा आबाजींच्या हातावर टाकला, दुपट्ट्याखाली बोटं दाबून भाव सुरू झाला. जोडी दुदाती होती. दलालानं एका गोऱ्ह्याचा ओठ वर करून दोन पांढरे दात दाखवले आणि म्हणाला, "काकाजी, बारा वर्सं खिचन."

आबाजींनी दुपट्ट्यातून हात काढला आणि स्वतःच 'आ' वासला. "त्याचे मंग मोजजो. पयले माहे मोज."

बाजार हसला. दलालानं वाकून खरंच मोजले. आबाजी म्हणाले, "बारा वर्सं हे खिचतीन. यायले धरन कोन?" आणि त्यांनी शेजारची जुळलेली जोडी घेतली. ती सगळे दात आलेली, जुवाखाली मान आपणहून देणारी, शेताची वाट पाठ असलेली. गावात लोक म्हणाले, म्हाताऱ्याला फसवलं. आबाजी दोन वर्षांत गेले. त्यानंतरचे चार पोळे त्या जोडीची शिंगं आजीनं रंगवली आणि कासराही आजीच्याच हातात होता.

हे आठवलं आणि आबाजींसारखा मीही आपले दात मोजायला बसलो. नवी गाडी घेतली की तिची नोंदणी पंधरा वर्षांची. माझं लायसन मात्र पंचावन्न उलटल्यापासून पाच-पाच वर्षांचं, आणि दर वेळी डॉक्टरचा दाखला. सरकारचा पत्र्यावर पंधरा वर्षं भरोसा आहे, माझ्यावर पाच. सरकार एरवी चुकतं, इथं चुकलेलं नाही.

मग गुडघे. क्लच डाव्या पायाचा आणि माझा डावा गुडघा जिल्हा होण्याच्या आधीपासून दुखतो. म्हणजे क्लच नसलेली गाडी. मग बसणं. उंच गाडीत चढावं लागतं, बुटक्या गाडीत पडावं लागतं. म्हाताऱ्याला लागते ती गाडी जिची सीट खाटेइतकी उंच असते, की कंबर टेकवली, पाय आत ओढले, झालं. दार काटकोनाइतकं उघडायला हवं. वर धरायला कडी हवी. एसीला बटण हवं. पडद्यावर बोट घासून थंडी मागायची माझी तयारी नाही. डिकी किती लिटरची ते जाहिरातीत सांगतात. आमच्याकडं डिकी कॅरेटवर मोजतात, संत्र्याची चार कॅरेट बसली तर गाडी, नाही तर खेळणं. यातलं एकही कलम मुलानं पाठवलेल्या तक्त्यात नाही. त्यात शून्य ते शंभर किती सेकंदांत, एवढं मात्र आहे. माझ्या गल्लीतून तिसरा गिअर टाकून कोणी बाहेर पडल्याचा इतिहास नाही.

किमतीचा प्रश्न सरकारनं सोडवला होता. २२ सप्टेंबर २०२५ला, ऐन घटस्थापनेच्या दिवशी, छोट्या गाड्यांवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८वर आला. चार मीटरपर्यंत लांबी, पेट्रोलचं इंजिन बाराशे सीसीपर्यंत. लांब गाड्यांना ४० टक्के. सरकारला आमच्या अरुंद गल्ल्यांचा कळवळा आलेला मी या आयुष्यात पाहिला, हेही नसे थोडके.

तर आम्ही दोघं नागपूरला शोरूममध्ये गेलो. सेल्समन पंचविशीचा, टाय लावलेला. "या काकाजी, बसा," म्हणत त्यानं स्टिअरिंगकडचं दार उघडलं. मी वळसा घालून डावीकडच्या दाराशी गेलो आणि तिथं बसलो.

"काकाजी, स्टिअरिंग इकडं आहे."

"ठाऊक आहे. मी इथं बसायची गाडी बघतोय."

त्याला कळेना. त्याला कसं कळणार? गाडी बघायला आलेला प्रत्येक पुरुष उजवीकडं बसून हॉर्न वाजवतो. पण माझी उजवीकडची वर्षं किती? फार तर पाच. उरलेली दहा कोणीतरी मला नेणार, दवाखान्यात, लग्नाला, जामसावळीच्या मारुतीला. तिथला मारुतीसुद्धा आडवा पहुडलेला आहे. उड्डाणं करून झाली की देवही टेकतो. म्हणून मी डाव्या सीटवर बसून कडी धरून पाहिली, पाय लांब करून पाहिले, डोळे मिटून पाहिले.

बायको बाहेर उभी राहून बघत होती. ती त्या सीटवर तीस वर्षं बसली आहे. प्रत्येक गाडीत तिनं तिथून न दिसणारा ब्रेक दाबला आहे, आणि गाडी घेताना त्या सीटवर बसून बघ असं तिला मी एकदाही म्हटलेलं नाही. ती म्हणाली, "तुमी इथं बसान, तं तिकडं कोन बसन?"

मी म्हटलं, ड्रायव्हर ठेवू. ती म्हणाली, "पेन्शनीत?" मी म्हटलं, मुलगा येईल. ती नुसती हसली. मग वळसा घालून उजवीकडं आली, पदर खोचला, स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवले आणि सेल्समनला म्हणाली, "शिट थोडी पुढं घे बाबू."

शिकाऊ लायसनला वयाची वरची मर्यादा नाही. चाळिशीनंतर डॉक्टरचा दाखला लागतो, बस. तिचं वय ६१, डोळे माझ्यापेक्षा चांगले, गुडघे दोन्ही शाबूत. दात सगळे. गाडीचं बुकिंग मी महिनाभर पुढं ढकललं. म्हटलं, आधी जुन्या गाडीवर शिक, ठोकली तरी हरकत नाही. जिला मी शेवटची म्हणत होतो ती हिची पहिली निघाली.

काल ती पहिल्यांदा गाडी नदीपार काढायची म्हणाली, माहेरी. समोर मोठा 'एल' चिकटवला. मी डावीकडं. गल्लीतून छान निघाली. मी दोनदा "ब्रेक, ब्रेक" म्हणालो. ती म्हणाली, "मधी मधी बोलू नोका. मी कधी बोलली का?"

"रोज बोलायचीस."

"मंग बोला."

जाम नदीच्या पुलावर अगदी मधोमध तिनं क्लच सोडला आणि गाडी गचका खाऊन बंद पडली. सावरगावचा नवरा, पांढुर्ण्याची बायको, ऐन नदीत. दोन्ही बाजूंनी माणसं गोळा झाली. "गुरुजी, ढकलतो," म्हणत आमच्याकडची पोरं मागं लागली. तेवढ्यात तिच्या माहेरची पोरं पुढून आली आणि बॉनेटला भिडली. गाडी सावरगावकडं न्यायची की पांढुर्ण्याकडं, यावर आवाज चढू लागले.

मी काच वर केली.