उंबरठ्यावरची जप्ती

मोजमापाच्या सर्व कसोट्या उत्तीर्ण होऊन विमानाच्या ऐन दारापर्यंत पोहोचलेली सात किलोंची पेटी ‘वर जागा उरली नाही’ एवढ्या हुकुमावर जप्त होते आणि हाती पडलेली कागदी चिठ्ठी हीच प्रवाशाची सनद ठरते. पॉवर बँक सामानकक्षात नेण्यास मनाई असल्याने ती तेवढी, मागच्या रांगेचे उसासे ऐकत, उपसून काढावी लागते. औषधे आणि घराच्या किल्ल्या मात्र घाईत आतच राहतात (ही घाई कोणाच्या सोयीची, हे सुज्ञांस सांगणे न लगे). आंतरराष्ट्रीय प्रवासात पेटी गहाळ झालीच, तर १९९९ च्या माँट्रियल करारान्वये नुकसानभरपाई कमाल १,५१९ ‘विशेष आहरण अधिकार’ इतकी, म्हणजे नाणेनिधीच्या वह्यांबाहेर ज्यांत भाजीही मिळत नाही अशा एककांत, मुक्रर आहे. मोडतोडीची लेखी तक्रार करण्यास मुदत मात्र सात दिवसांची.