संघबांधणीचे शास्त्र

आयपीएलवाल्यांना खेळाडू पारखता येत नाहीत, हे पालघरला फार पूर्वीच कळले. लोकलने मुंबईला सरावासाठी जाणारा आपला शार्दूल ठाकूर 2022च्या लिलावात दिल्लीला पावणेअकरा कोटींचा वाटला. 2024च्या लिलावात तोच कोणालाही नको होता! एवढे संगणक, एवढे विश्लेषक, आणि हिशेब हा असा.

आमच्या बोईसर-तारापूर पट्ट्यातल्या टेनिस बॉल लीगच्या लिलावात असला सावळागोंधळ नाही. संघमालक (व्यवसाय: कंत्राटदारी; छंद: समाजसेवा) स्ट्राइक रेट विचारून कोणाचा अपमान करीत नाहीत. एमआयडीसीत शिफ्ट कोणती, एवढेच विचारतात. फर्स्ट शिफ्टवाला संध्याकाळी मोकळा, म्हणून महाग. नाइटवाला स्वस्तात मिळतो. फाइन लेगला उभा राहून झोपतो, पण जागा अडवतो. यष्टिरक्षकाकडे स्वतःची बाईक हवी. रनआउटच्या अटीतटीच्या निकालांसाठी पंचांचा मेहुणा राखीव ठेवावा. त्याला खेळवायची गरज पडत नाही.

या शास्त्रात आता एकच सुधारणा राहिली आहे. क्रिकेट येण्याची जाचक अट काढून टाकावी आणि निवडणुकीच्या वर्षी आमच्या आळीतल्या आजोबांवर सर्वोच्च बोली लावावी. वय 81, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, गुडघे निवृत्त. एकत्र कुटुंब, मतदारयादीत 19 नावे. सगळी नाबाद.